फिरवून आणलेलं पत्र

३ फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. लांबूनच, पण वाकून.

माझ्या हातचं पत्र बघून तुम्ही आधी पाकीट उलटसुलट करून बघाल, दुसऱ्या कुणाचं तर चुकून आलं नाही ना म्हणून. इतकी वर्षं आपण जावा-जावा एका घरात राहिलो, एकाच चुलीवर चहा केला, पण एकमेकींना पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आणि फोनवर आपली गाडी "बरी आहेस ना? मीही बरी. थांब, मुलीला देते" याच्या पुढे जात नाही. म्हणून हे.

आपला पडद्यांचा कारखाना तुम्ही सोडून गेलात तसाच आहे. खिडकीजवळची मशीन अजून कुरकुरते, आक्का अजून तिला शिव्या देत देत शिवतात. कापायच्या मोठ्या टेबलावर सध्या एका छोट्या रंगमंचाचे निळे पडदे आहेत. पण खरी आशा आहे ती नदीपलीकडच्या जुन्या नाट्यगृहाच्या कामाची. ते सगळं नवं करताहेत आणि मुख्य पडदा कुणाकडून शिवून घ्यायचा ते त्यांची समिती मार्चअखेर ठरवणार आहे. दोन नमुने मागितलेत, त्यात एक आपला. हे काम मिळालं तर वर्ष निघेल. नाही मिळालं तर आक्कांच्या बहिणीला तरी घरी बसायला सांगावं लागेल, आणि ते मला सांगावं लागेल, कारण हे अशा वेळी नेमके कापड आणायला गेलेले असतात.

आता मुद्द्याचं. त्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई मेलवर फार प्रश्न विचारतात. क्रमांक घालून. आम्ही घरात त्यांना प्रश्नबाई म्हणतो. यांची उत्तरं तुम्हाला माहीतच आहेत: "हो." "बघतो." "होईल." एकदा तर नुसतं अंगठ्याचं चित्र. गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा लांबलचक मेल आला, समितीला आणि आर्किटेक्टलाही त्याची प्रत होती. तो मेल आमच्या दोघांत इकडून तिकडे गेला, त्यावर आमचं घरगुती बोलणं झालं, आणि शेवटी त्याच मेलवर "कळवतो, धन्यवाद" एवढं लिहून यांच्या फोनवरून तो सगळ्यांना गेला. आमचं बोलणं खाली शेपटासारखं लटकतच होतं. कापायचं राहिलं. "प्रश्नबाईंनी पुन्हा अंडी घातली. एक उबवावं तर दुसरं तयार." आणि असंच काहीबाही.

वहिनी, शिवलेल्या पडद्याला एक दोरा लोंबत राहिलेला आपल्याकडे चालत नाही. आणि हे एवढं मोठं शेपूट तसंच गेलं!

आर्किटेक्टचं एका ओळीचं उत्तर आलं: "आपलं मत पोचलं." त्यानंतर एका शाळेच्या सभागृहाने आपल्याला दिलेलं बाजूच्या पडद्यांचं काम "तूर्त थांबवावे" म्हणून कळवलं. त्यांना कसं कळलं कोण जाणे. नाटकवाल्यांचं जग केवढंसं, आणि त्यातल्या प्रत्येकाला सांगायला काहीतरी हवंच असतं. काल मखमलवाला फोनवर मला विचारतो, "काय हो, सध्या अंड्यांचा भाव काय?"

तुम्ही असताना या कारखान्याच्या पत्रांची लोक तारीफ करायचे. दादा गेले, तुम्ही मुलीकडे राहायला गेलात आणि पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला. मला वाटलं, त्यात काय, टाइप तर करायचं. एक विनंती आहे. माफीचं पत्र तुम्ही लिहून पाठवाल का? खाली सही यांची करू. तुमचे शब्द असले की तिथे कुणाचा राग राहणार नाही.

गुडघ्यांना जपा.

तुमची,
धाकटी


१९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मध्ये माझं फिरणं फार झालं. इथे घरासमोरून एक सरळ रस्ता तळ्यापर्यंत जातो. मुलगी म्हणते, "आई, गुडघ्यांचं काय?" मी म्हणते, गुडघे माझे, रस्ता नगरपालिकेचा, तू कशाला मध्ये?

भाऊजींनी अंगठ्याचं चित्र पाठवलं हे वाचून हसू आलं. मामंजींच्या काळी ज्याला सही येत नसे तो अंगठा द्यायचा. आता ज्याला सही येते तोही देतो. प्रगती आहे.

पण एक सांगू? अंड्यांचं वाक्य भाऊजींचं नाही. त्यांना एवढं लांब आणि एवढं चटकदार वाक्य लिहिता आलं असतं, तर मला इतकी वर्षं पत्रं कशाला लिहावी लागली असती? ते कुणी लिहिलं हे मला कळवायची गरज नाही. माफी कुणी मागायची हे ठरलं की झालं.

आणि म्हणूनच मी पत्र लिहून देणार नाही. दुष्टपणा म्हणून नव्हे. मी लिहिलं तर त्या बाईंना छान शब्द मिळतील आणि माणूस मिळणार नाही. एकदा तेच झालं आहे ना?

आता मला हे सांग, तिचे प्रश्न काय होते? तू मला अंडी सांगितलीस, प्रश्न एकही सांगितला नाहीस. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आर्किटेक्ट काय म्हणाला, शाळा काय म्हणाली, मखमलवाला काय म्हणाला, सगळं आहे. ज्या बाईंचं मन दुखवलं त्यांनी काय विचारलं होतं, तेवढंच नाही.

मी पत्र हातात घेऊन कारखानाभर का फिरायची, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटायचं, वहिनींना बसून कंटाळा येतो. त्याचं असं झालं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मामंजींनी मला उत्तर द्यायला एक पत्र दिलं. गिऱ्हाईक चिडलेलं. तुमच्या पडद्याचा रंग फसवा आहे, दाखवला एक आणि दिला एक, असं लिहिलेलं. मी रागाने पान भरून उत्तर लिहिलं. फसवे आम्ही? मामंजींनी ते वाचलंच नाही. म्हणाले, "सूनबाई, त्याचं पत्र घ्या आणि कापडापाशी जा. कापडाला दाखवा. ते काय म्हणतं बघा." मला वाटलं, म्हातारा चळला. पण पडले सासरे, म्हणून मी उठून कापडापाशी गेले. खिडकीपाशी कापड हिरवं दिसत होतं. आत दिव्याखाली नेलं तर तपकिरी. गिऱ्हाईक खरं बोलत होतं.

तेव्हापासून बसल्या जागेवरून उत्तर द्यायचं मला कधी जमलं नाही.

बाईंचे प्रश्न कळव.

तुझी,
वहिनी


२६ फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. या वेळी मान वर करून करता येत नाही.

मी यांच्यावर ढकललेलं तुम्ही एका ओळीत माझ्या पदरात परत टाकलंत. हो, वाक्य माझं. फोनही माझा. हे त्या दिवशी कापड आणायलाच गेले होते, आणि मी जेवण झाल्यावर टेबलाशी उभ्या उभ्या, एका हातात कात्री असताना, ते उत्तर पाठवलं. यांना मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. "एवढं चटकदार वाक्य लिहिता आलं असतं तर" इथे आले आणि हे म्हणाले, "हा माझा अपमान आहे की सुटका?" मी म्हटलं, दोन्ही.

पण आधी मोठी बातमी. प्रश्नबाईंचं उत्तर आलं! मी रोज मेल उघडताना डोळे अर्धे मिटून घेत होते. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. ज्यांना ज्यांना ते शेपूट गेलं होतं त्या सगळ्यांना प्रत आहे. जसंच्या तसं उतरवून देते:

"आपला मेल मिळाला. माझ्या अंड्यांपैकी दोन उबली आहेत, पिल्लं सुखरूप आहेत, आभारी आहे. बाकीची अजून तशीच पडून आहेत. त्यांचे क्रमांक खाली दिले आहेत. समितीची बैठक मार्चअखेर आहे, त्याआधी ऊब मिळावी ही विनंती."

आणि खाली प्रश्न. बस! ना टोमणा, ना "आम्हाला आश्चर्य वाटले," ना "वेदना झाल्या." मी खुर्चीतच बसून राहिले. आक्कांनी विचारलं, "काय झालं, रद्द झालं का?" मी त्यांना मेल वाचून दाखवला. आक्का मशीन थांबवून म्हणाल्या, "ही बाई आपल्यात असती तर मी तिच्या शेजारी बसले असते." तुम्हाला माहीत आहे, आक्का कुणाच्या शेजारी बसत नाहीत.

मग मी तो मेल कागदावर काढला आणि, हसू नका, घेऊन निघाले. आधी इकडेतिकडे बघून घेतलं. टेबलापाशी आले तोच आक्का खाली बघूनच म्हणाल्या, "अगंबाई, वहिनी परत आल्या की काय?"

आपला नमुना मागच्या दांडीवर टांगलेला आहे, डावा-उजवा असे दोन भाग, मधोमध एकावर एक येणारे. बाईंचे प्रश्न साधेच होते. खालच्या काठातली वजनाची साखळी पडदा सरकताना वाजेल का? हो, थोडी वाजते. मी सरकवून ऐकलं. यांनी "नाही" असं कळवलेलं होतं. साखळीला कापडाची नळी घालायला हवी. धूळ कशी झाडायची? यांचं उत्तर: "नेहमीप्रमाणे." कुणाच्या नेहमीप्रमाणे?

आणि मग हा प्रश्न: "पडदा बंद असताना आतल्या माणसाला मधली फट अंधारात कशी सापडेल?"

याला यांचं उत्तर होतं, "सापडेल."

मी पडद्याच्या मागे गेले आणि डोळे मिटले. वहिनी, नाही सापडली. हात फिरवते आहे, फिरवते आहे, नुसतं कापडच कापड. चुण्यांमधून हात आत जातो, वाटतं हीच फट, आणि ती नुसती चुणी निघते. पडदा इतका छान शिवलेला की शिवणही बोटाला लागत नाही. एवढ्या वर्षांत शेकडो पडदे इथून गेले, आणि त्यांच्या मागे उभं राहून बाहेर यायचा प्रयत्न आपल्यापैकी कुणी कधी केला नाही. आपण नेहमी प्रेक्षकांच्या बाजूने बघत आलो.

आतून मी हाक मारली, "आक्का, मी अडकले!" सगळ्या हसत सुटल्या. मी मात्र तिथेच उभी राहिले. हात खाली-वर करताना सुचलं. मखमलीवर वरून खाली हात फिरवला की मऊ, खालून वर फिरवला की खरखरीत. मग आतल्या बाजूला, फटीच्या काठाने, मखमलीची एक पट्टी उलटी लावली तर? सगळीकडे मऊ अस्तर आणि तिथेच हाताला उलटी लव. बाहेरून कुणाला दिसणार नाही, आतल्याला मात्र हाताने कळेल. लगेच टाचून बघितली. आक्कांना डोळे मिटून आत पाठवलं. त्या सरळ चालत बाहेर आल्या आणि वाकून नमस्कार केला, जणू नाटक त्यांचंच होतं.

आता उत्तर लिहायचं आहे. मजकूर कसा ठेवू? माफी आधी की उत्तरं आधी? लिहून देऊ नका. पण सांगा.

तुमची,
धाकटी


३ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र घेऊन मी जावयांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, डोळे मिटा. ते हौशी नाटकमंडळात काम करतात ना. विचारलं, पडदा पडल्यावर बाहेर येताना फट सापडते का? म्हणाले, "आई, निम्म्या वेळा आम्ही खालून वाकून येतो." म्हणजे बाई शंभर टक्के बरोबर आहेत.

त्यांचं उत्तर मी अनेकदा वाचलं. तुझी चेष्टा त्यांनी उचलली, झटकली आणि तिलाच कामाला लावली. मी इतकी पत्रं लिहिली, पण असं एक लिहायला जमलं नाही. मी फार तर राग गिळायचे. त्यांनी त्याचं पिल्लू करून दाखवलं. त्यांना मी इथूनच उभं राहून नमस्कार केला.

आता तुझं उत्तर. उत्तरं आधी लिही, माफी नंतर. माफीचं एकच वाक्य. दोन लिहिलीस की दुसरं स्वतःसाठी होतं. कारण देऊ नकोस, हातात कात्री होती वगैरे. जिथे भाऊजींनी चुकीचं कळवलं तिथे "आधी चुकीचं कळवलं होतं" असं सरळ लिही. सही स्वतःच्या नावाची कर. आणि सगळ्यांना पाठव, एकालाही वगळू नकोस. घाण जिथवर उडाली तिथवर फडकं न्यायचं असतं.

पाठवण्याआधी मोठ्याने वाच. शक्यतो आक्कांना. त्यांच्या कपाळाला आठी पडली तर ते वाक्य काढ.

एक आपलं मनातलं लिहिते. इथे मला कुणी काही विचारत नाही. सगळे फार जपतात. पाणी आणून देतात, दिवा लावून देतात. कुठली गोष्ट कशी करायची, हे मात्र कुणी विचारत नाही. तुझ्या त्या बाईंबद्दल वाचताना वाटलं, जो प्रश्न विचारतो त्याला आपल्याकडून अजून काहीतरी हवं असतं. ज्याने आशा सोडली तो विचारणं थांबवतो. त्या शाळेने तुला काही विचारलं का? नाही. त्यांनी "थांबवावे" लिहिलं. तुझ्या बाईंनी क्रमांक पाठवले.

तू मला "पण सांगा" लिहिलंस, ते बरं वाटलं.

तुझी,
वहिनी


२९ मार्च

ती. वहिनी,

नमस्कार.

काम मिळालं!

हे पहिलं लिहून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटचं पान आधी वाचाल. यांनी ऐकल्यावर मला अंगठ्याचं चित्र पाठवलं. मी उलट लिहिलं, "वाक्यात सांगा." थोड्या वेळाने आलं, "मला फार आनंद झाला आहे आणि तुझं कौतुक वाटतं." पूर्णविरामासकट. ते मी जपून ठेवलं आहे.

सगळंच गोड झालं असं नाही. शाळेचं काम गेलं ते गेलंच. त्यांना मी स्वतंत्र लिहिलं, त्यांनी "नोंद घेतली" म्हटलं. मखमलवाला अजून अंड्यांवरून बोलतो. आर्किटेक्टने बैठकीत विरोध केला, म्हणाला, ज्यांना लिहिताना भान नाही त्यांना शिवताना कितपत असेल? त्यात खोटं काय होतं, वहिनी? मला राग आला नाही. समितीने शेवटी काम दिलं, पण पडदा आधी टांगून, चालवून दाखवायचा या अटीवर. एकदा नाव गेलं की शिवणीसारखं उसवून पुन्हा शिवावं लागतं, आणि भोकं दिसतच राहतात.

पण मला बाईंबद्दल लिहायचं आहे. नमुना घेऊन मीच गेले. माझ्या डोळ्यांसमोर कुणी करारी, चष्मा नाकावर ओढलेली बाई होती. प्रत्यक्षात बुटक्या, हसऱ्या, आणि हातात सतत झाडू. दुरुस्तीची धूळ त्यांना सहन होत नाही, कामगार गेले की स्वतः झाडतात. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "माफी लिहून झाली आहे ना? एकदाच पुरे. पट्टी दाखवा."

रिकाम्या रंगमंचावर नमुना टांगला. त्यांनी मागचे दिवे घालवायला सांगितले आणि पडद्याआड गेल्या. मी समोर उभी. मग पडदा हलला आणि बाई बाहेर आल्या. हात काठावर तसाच, त्या उलट्या लवेवरून फिरतोय. आणि डोळे भरलेले.

तरुणपणी त्या याच रंगमंचावर काम करायच्या. पहिलं मोठं काम, शेवटचा प्रवेश झाला, पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या. सगळे नट एकेक करून बाहेर गेले. बाई सगळ्यांत शेवटी. आणि त्यांना फट सापडेना. इकडून चाचपलं, तिकडून चाचपलं. "टाळ्या ऐकू येत होत्या हो," म्हणाल्या, "आणि मी आतच. मग त्या कमी कमी होत गेल्या. मी बाहेर आले तेव्हा लोक छत्र्या शोधत होते." सांगताना त्या हसत होत्या. म्हणाल्या, त्याच दिवशी ठरवलं होतं, कधी माझ्या हातात आलं तर हा प्रश्न मी विचारणार.

आणि त्या प्रश्नाला आपण "सापडेल" म्हणून कळवलं होतं.

मी विचारलं, एवढं झाल्यावर तुम्ही आमचा नमुना बाद का केला नाही?

आता मला ते लिहायचं आहे जे मी पहिल्या पत्रात "असंच काहीबाही" म्हणून झाकलं. त्या शेपटीत अंड्यांच्या खाली आणखी एक ओळ होती. तीही माझीच. "आमच्या वहिनी असत्या तर आता हे पत्र कडेवर घेऊन कारखानाभर फिरायला निघाल्या असत्या. तोवर पडदा कुजला असता." हे मी तुमच्याबद्दल लिहिलं, वहिनी. गंमत म्हणून. वर यांनी हसण्याचं चित्र टाकलं. आणि ते अख्ख्या समितीला गेलं. वर मी तुम्हालाच माफीचं पत्र लिहून मागितलं. मला वाटलं, तुमच्यापर्यंत ते कधी पोचणार नाही, मग सांगायचं कशाला?

बाईंचं उत्तर ऐका. म्हणाल्या, "अंड्यांचं वाचून मी काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलंच होतं. मग खालची ओळ वाचली. पत्र घेऊन फिरणारी बाई! म्हटलं, ज्या कारखान्यात असं कुणी होतं तिथे थोडं तरी उरलं असेल. एकदा विचारून बघू." आणि मग म्हणाल्या, "त्या वहिनींना मला भेटायचं आहे. कुठे असतात?"

मी तुमची थट्टा केली आणि त्या थट्टेनेच आपल्याला वाचवलं. तुम्ही इथे नव्हतात, तरी कामाला आलात. हे तुम्हाला न सांगता तुमचं कौतुक सांगता येईना, म्हणून दोन्ही लिहिलं.

माफीचं एकच वाक्य. वहिनी, मी चुकले.

पडदा टांगायचा दिवस ठरला की कळवीन. बाईंनी तुमच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची राखली आहे.

तुमची,
धाकटी


२ एप्रिल

प्रिय धाकटे,

खुर्ची नको. मी पडद्याच्या मागे उभी राहणार. बाईंना सांग, दोघी मिळून बाहेर येऊ.

आता तुझ्या ओळीबद्दल. ती मला ठाऊक होती. तुझं पहिलं पत्र यायच्या आधीपासून. नाटकवाल्यांचं जग केवढंसं, हे तूच लिहिलंस ना? ते शेपूट फिरत फिरत जावयांच्या मंडळापर्यंत आलं. जेवताना त्यांनी गंमत म्हणून मोठ्याने वाचायला घेतलं. अंड्यांवर आम्ही सगळे हसलो, मीही. मग ते मध्येच थांबले, घसा खाकरला आणि पाणी प्यायले. मुलगी म्हणाली, "पुढे?" म्हणाले, "पुढे काही नाही." फोन मी मागून घेतला आणि चष्मा लावून वाचलं.

लागलं, खोटं कशाला सांगू? माझी आयुष्यभराची सवय, आणि एवढीच उरली होती त्या घरात. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले, आणि दरवेळी मीच जिंकले. मग तुझं पाकीट आलं. पाकिटावरचं तुझं अक्षर मी प्रथमच पाहिलं, इतकी वर्षं एका घरात राहून. आत "माफीचं पत्र लिहून द्या," आणि त्या ओळीचा पत्ता नाही. त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं तर धाकटे, तू ते जन्मात विसरली नसतीस.

तेव्हा मी तुझं पत्र घेतलं आणि तळ्यापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. इथे दाखवायला कापड नाही, म्हणून पाण्याला दाखवलं. पहिल्या फेऱ्यांत मला त्यात फक्त लबाडी दिसायची. मग एके दिवशी आक्कांच्या बहिणीबद्दलचं वाक्य दिसलं, ते सांगायची वेळ तुझ्यावर येईल ते. मग दिसलं, ही घाबरली आहे आणि तिला विचारायला दुसरं कुणी नाही. तितकं दिसलं तेव्हा घरी येऊन लिहायला बसले. उशीर झाला तो त्याचा.

तुझं आजचं पत्र दारातच उघडलं आणि उभ्यानेच वाचलं. चपला पायात होत्या, मुलीला वाटलं आई निघाली तळ्यावर. मी चपला काढल्या आणि हे लिहायला बसले. याला फिरवून आणायची गरज पडली नाही.

तुझी,
वहिनी